डिप्लोमा मेकॅनिकल, दीड वर्षाची गॅप आणि सोमवारी चाकणला मुलाखत: तयारी कशी करून घेऊ?

तुळसवृंदावन | १३ जानेवारी, रात्री ८:५०

नमस्कार मंडळी. माझ्या भावाचा मुलगा २०२४ ला मेकॅनिकल डिप्लोमा झाला, ७४ टक्के. आमचं गाव कराडजवळ. निकाल लागला त्याच महिन्यात दादा गाडीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं, रॉड घातला. घरात दुसरं करणारं कुणी नाही. चार म्हशी, दोन एकर ऊस आणि दादाचं दवाखान्याचं येणंजाणं, सगळं या पोरानं एकट्यानं ओढलं. आता दादा हिंडाफिरायला लागलाय आणि पोरगं नोकरी शोधतंय. तीन महिन्यांत अर्ज बरेच केले, उत्तर एकाचंच आलं. येत्या सोमवारी (१९ तारखेला) चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत बोलावलंय, क्वालिटी विभागात ट्रेनी म्हणून. आधी लेखी, मग 'प्रॅक्टिकल', मग मुलाखत, असं फोनवर सांगितलं.

पोराच्या हातात कला आहे. गावातले पाण्याचे पंप, कडबाकुट्टी, दुधाचं मशीन, काहीही खोलतो आणि परत बसवतो. पण परवा मी व्हिडिओ कॉलवर त्याची खोटीखोटी मुलाखत घेतली. 'स्वतःबद्दल सांग' म्हटल्याबरोबर त्यानं 'माय सेल्फ'नं सुरू होणारं पाठ केलेलं इंग्रजी म्हणायला घेतलं, तिसऱ्या ओळीला अडकला आणि खाली बघत बसला. माझ्या पोटात तुटलं. मी प्राथमिक शाळेत शिकवते, मला यातलं तांत्रिक काही कळत नाही. प्रॅक्टिकलला काय विचारतात? गॅपबद्दल काय सांगायचं? आणि इंग्रजीचं काय करू? पाच दिवस हातात आहेत.

चहाबाज | १३ जानेवारी, रात्री ९:०५

मुलाखतीतलं मला काही कळत नाही, पण चाकणचं कळतं. तळेगाव चौकात सकाळी अडकलात की घड्याळ तुमचं राहत नाही. १० ची वेळ असेल तर त्याला ८ ला चौकाच्या पलीकडे पोचवा. लवकर पोचला तर चहा प्यायला जागा भरपूर आहेत, ती जबाबदारी माझी.

मायक्रॉन | १३ जानेवारी, रात्री ९:४०

ताई, खोटी मुलाखत दोन दिवस बंद ठेवा आणि पोराच्या हातात व्हर्नियर (जबड्यांत धरून बारीक माप घ्यायची सरकती पट्टी) द्या.

मी भोसरीत ३१ वर्षं टूलरूम आणि इन्स्पेक्शनमध्ये काढली, शेवटची १२ वर्षं पोरं घेण्याचं काम माझ्याकडे होतं. आमचं प्रॅक्टिकल साधं असायचं. टेबलावर एक टर्निंग केलेली पिन, एक व्हर्नियर आणि एक ड्रॉइंग. पोरगं आत आलं की म्हणायचं, 'माप घे.' बास. आकडा काय सांगतो ते नंतर. आधी त्याचे हात बघायचे. व्हर्नियरचे जबडे पुसतो का? ते मिटवून शून्याला शून्य जुळतंय का बघतो का? पिनच्या कडेला बर (कापताना राहिलेला धारदार कंगोरा) आहे का ते चाचपतो का? आणि एकदा माप घेऊन मोकळा होतो, की पिन पाव फेरा फिरवून दुसऱ्यांदा घेतो? गोल दिसणारी वस्तू गोल असतेच असं नाही, हे ज्याला ठाऊक आहे तो फिरवतोच.

मग तोंडी. 'याचा लीस्ट काउंट, म्हणजे यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, किती?' सगळे म्हणतात ०.०२. 'कसा?' इथे निम्मे गप्प. मुख्य पट्टीवरचे ४९ मिलिमीटर सरकत्या पट्टीवर ५० भागांत वाटलेले असतात. म्हणजे तिथला एक भाग ०.९८ चा. १ मधून ०.९८ गेले, राहिले ०.०२. मायक्रोमीटर हे त्याहून बारीक साधन, त्याचा स्क्रू एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर सरकतो आणि फिरत्या भागावर ५० रेघा असतात, म्हणून ०.०१. हे पाठ करून येत नाही, पट्टी समोर धरून एकदा स्वतः मोजलं की जन्मभर राहतं.

त्यापुढचा माझा आवडता प्रश्न: 'ड्रॉइंगवर २५ अधिक-उणे ०.०५ आहे. काय घेशील?' एकूण सूट (टॉलरन्स) झाली ०.१०. साधन तिच्या दहाव्या भागाइतकं बारीक हवं, म्हणजे मायक्रोमीटर. जो पोरगा विचार करून 'मायक्रोमीटर' म्हणायचा, त्याला इंग्रजी येतं का हे मी कधी विचारलं नाही.

कराडला ओळखीचं लेथ वर्कशॉप असेल तर दोन दिवस सकाळ-संध्याकाळ तिथे बसवा. बाकीचं उद्या लिहितो, आत्ता गोळ्या घ्यायची वेळ झाली.

भोसरीचा भिडू | १३ जानेवारी, रात्री १०:१५

काका, मान राखून सांगतो, आता सगळीकडे डिजिटल व्हर्नियर आहेत. आकडा स्क्रीनवर दिसतो, ४९-५० चा हिशोब कोण विचारतं? मोठ्या कंपनीत तर सीएमएम (कॉम्प्युटरवर चालणारं मोजमापाचं मशीन) असते, तिचा प्रोब टेकवला की प्रोग्रॅम सगळं सांगतो. मी गेल्या वर्षी मुलाखत दिली, मला क्वालिटीच्या ठरलेल्या पाच पद्धती, कोअर टूल्स, विचारली: एपीक्यूपी, पीपॅप, एफएमईए, एसपीसी, एमएसए. आणि सेव्हन क्यूसी टूल्स, म्हणजे दोष आणि त्यांची कारणं शोधायच्या सात पद्धती. भाच्याला ती नावं तरी पाठ हवीत.

मायक्रॉन | १४ जानेवारी, सकाळी ६:२०

भिडू, डिजिटलवरही शून्याचं बटण असतंच ना? जबड्यात कचरा असताना ते दाबलं तर स्क्रीनवर सुंदर आणि चुकीचा आकडा येतो. म्हणून पुसायचं आधी. पण तुझंही बरोबर आहे, ती नावं विचारतात, शिकवूया. तिळगूळ घ्या सगळ्यांनी.

शेवंती | १४ जानेवारी, दुपारी १:३०

मी एचआरमध्ये १२ वर्षं आहे, त्यातली ७ रांजणगाव आणि चाकणच्या कारखान्यांत. टेबलाच्या या बाजूनं लिहिते.

आधी रिझ्युम. बहुतेक पोरांचा रिझ्युम सायबर कॅफेतून आलेला असतो, त्यात 'हार्डवर्किंग, ऑनेस्ट, पंक्च्युअल' आणि छंदात 'लिसनिंग टू म्युझिक'. तो वाचायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही, कारण त्यात पोरगा कुठेच नसतो. भाच्यानं एका पानात लिहावं: डिप्लोमा, टक्के, सहा आठवड्यांचं ट्रेनिंग कुठे केलं आणि तिथे स्वतःच्या हातानं काय केलं, फायनल इयरचा प्रोजेक्ट आणि त्यातला त्याचा वाटा. त्याखाली पंपदुरुस्ती. हो, पंपदुरुस्ती! 'दीड वर्षात गावातले अमुक इतके पंप दुरुस्त केले' ही ओळ शंभर रिझ्युममध्ये एकट्याची असेल. फाइलला स्वतःचं नाव द्या, 'फायनल न्यू २' नको.

आता गॅप. ताई, तुम्हाला ती डाग वाटतेय. आम्हाला तसं वाटत नाही. आम्हाला भीती असते ती पुढची: हा पोरगा दोन महिने ट्रेनिंग घेईल आणि ऊसतोड आली की घरी जाईल. त्यामुळे गॅपच्या उत्तरातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. असं काहीतरी बोलू दे:

'वडिलांच्या पायाचं ऑपरेशन झालं, त्यामुळे दीड वर्ष घरची शेती आणि दूध माझ्याकडे होतं. त्या काळात गावातले पंप दुरुस्त करत होतो. आता वडील स्वतः बघतात, म्हशी दोनच ठेवल्यात. मी पूर्णवेळ मोकळा आहे, शिफ्टला तयार आहे.'

चार वाक्यं. रडगाणं नाही, माफी नाही. म्हशींचा आकडा अर्थात खरा असेल तोच सांगायचा.

खटपट्या | १४ जानेवारी, दुपारी ३:१०

एवढं कशाला? ओळखीच्या वर्कशॉपवाल्याकडून लेटरहेडवर दीड वर्षाचं अनुभवपत्र घ्यायचं. सगळे घेतात. कंपनीवाले कुठे तपासायला येतात?

शेवंती | १४ जानेवारी, दुपारी ३:२५

येतात, खटपट्या. यायलाही लागत नाही. पगारी नोकरी दाखवली की पीएफचा यूएएन नंबर मागतात, त्यात कुठल्या महिन्यात कुठे होता ते दिसतं. कृपा करून त्या पोराला हे सुचवू नका.

रानवारा | १४ जानेवारी, दुपारी ४:००

आमच्या घरात हे घडलंय म्हणून लिहितोय. धाकट्या भावानं असंच एका वर्षाचं पत्र जोडलं. नोकरी लागली, चार महिने छान काम केलं, सुपरवायझर खूश. मग पडताळणीचा कागद आला. एका दुपारी गेटपास घेतला आणि बाहेर काढलं. काम येत होतं, म्हणून तर चार महिने टिकला होता. पत्राची गरजच नव्हती. आई अजून विचारते, 'एवढं चांगलं चाललं होतं, मग काय झालं?' आणि आम्ही दोघंही गप्प बसतो.

खटपट्या | १४ जानेवारी, दुपारी ४:२०

माझे शब्द मागे घेतो. भावाला नंतर लागली का कुठे?

रानवारा | १४ जानेवारी, दुपारी ४:४५

हो, शिरवळला आहे आता. खरा रिझ्युम देऊन.

नदीकाठ | १४ जानेवारी, संध्याकाळी ७:१०

ताई, एक विचारू? फोन कंपनीतून आला होता की एजन्सीतून? माझ्या मुलीला दोन वर्षांपूर्वी असाच फोन आला. 'सिलेक्शन झालंय, युनिफॉर्म आणि सेफ्टी शूजचे २,५०० आधी भरा.' आम्ही आनंदात भरले. दिलेल्या पत्त्यावर गेलो तर बंद गाळा. पैशाचं सोडा, ती त्या दिवशी नवी ओढणी घेऊन निघाली होती, ते डोळ्यांसमोरून जात नाही. नोकरी देणारा कुणी उमेदवाराकडून पैसे घेत नाही, नोंदणीचे नाहीत, बुटांचे नाहीत, कशाचेच नाहीत.

तुळसवृंदावन | १४ जानेवारी, रात्री ९:३०

नदीकाठताई, वाचून वाईट वाटलं. आम्ही आज दुपारी कंपनीच्या वेबसाइटवरचा लँडलाइन लावून खात्री केली, नाव यादीत आहे, पैशाची मागणी नाही. शेवंतीताई, तुमचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला. पंपदुरुस्ती लिहायची म्हटल्यावर म्हणाला, 'आत्या, ते काय नोकरीचं काम आहे का? ते तर असंच.' मग आम्ही मोजायला बसलो. वहीत नोंदी होत्याच, कारण दुरुस्तीचे पैसे लोक ऊसबिल आल्यावर देतात. २३ पंप झाले! त्याचं त्यालाच नवल वाटलं.

मायक्रॉन | १५ जानेवारी, सकाळी ६:४५

२३! मग भिडूची सेव्हन क्यूसी टूल्स याच पंपांवर शिकवूया. जपानच्या काओरू इशिकावांचा माशाच्या काट्यासारखा आराखडा असतो, फिशबोन. पोराला म्हणावं, कागदावर माशाचं डोकं काढ, त्यात लिही 'मोटरचं वाइंडिंग जळलं'. आता काटे काढ: माणूस, मशीन, पद्धत, सामान, मोजमाप, परिस्थिती. प्रत्येक काट्यावर त्यानं स्वतः पाहिलेली कारणं लिहू दे.

आणि मग 'का?' विचारत खाली जायचं. वाइंडिंग का जळलं? तीनपैकी एक फेज गेली आणि मोटर दोनावर घुरघुरत राहिली. फेज का गेली? स्टार्टरमधला फ्यूज उडाला. का उडाला? स्क्रू सैल, तिथे ठिणगी पडून काळं झालेलं. सैल का? दर वेळी घाईत तार गुंडाळून बसवली, लग (तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) लावलाच नाही. आणि मोटर बंद का पडली नाही? जास्त करंट ओढला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले बायपास करून ठेवलेला. हे पोरगं रोज करतंय! कारखान्यात याच्यासाठी वेगळे तक्ते छापतात एवढंच.

दोन गोष्टी आणखी बघून ठेवू दे. एक, आपल्याकडे ड्रॉइंग फर्स्ट अँगलमध्ये असतं, वरून दिसणारा भाग समोरच्या चित्राच्या खाली काढतात. कोपऱ्यातलं कापलेल्या शंकूचं चिन्ह आधी बघायचं. दुसरं, प्लग गेज, म्हणजे भोक तपासायचा दोन टोकांचा दांडा. २५ एच७ चं (म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर चालणारं) भोक असेल तर गो बाजू २५.००० ची, नो-गो २५.०२१ ची. गो गेला पाहिजे, नो-गो जाता कामा नये. गोच गेला नाही तर भोक लहान आहे, परत मशीनवर घेता येईल. नो-गोही गेला तर पीस स्क्रॅप, आणि मशीन ताबडतोब थांबवायला सांगायचं, कारण मागून तसेच पीस येत असतात. हे शेवटचं जो न विचारता बोलतो तो क्वालिटीचा माणूस.

गणितवेडा | १५ जानेवारी, सकाळी ११:००

लेखीबद्दल कुणीच बोलत नाहीये. ट्रेनीच्या लेखीत बहुतेक दहावीपर्यंतचं गणित असतं: टक्केवारी, गुणोत्तर, काळ-काम, आकड्यांची मालिका, जोडीला थोडं तांत्रिक. एक सोडवून ठेवा: '४०० पीसपैकी ६ रिजेक्ट, टक्के किती?' १.५. मग लगेच विचारतात, 'दहा लाखांत किती?' १५,०००. याला पीपीएम म्हणतात आणि क्वालिटीत हा शब्द दिवसभर कानावर पडतो. कॅल्क्युलेटर नसतो. एका प्रश्नाला मिनिटापेक्षा जास्त लागलं की पुढे जायचं, मागे यायला वेळ उरतो. चुकीला गुण कापतात का ते आधी विचारून घ्यायचं.

अबोली२२ | १५ जानेवारी, दुपारी २:२०

मीही डिप्लोमा मेकॅनिकल, वाळूजला क्वालिटीत तीन वर्षं झाली. वर्गात ६० जणांत आम्ही पाच मुली होतो. भाच्याला शुभेच्छा, आणि थोडं माझंही लिहिते.

माझ्या पहिल्या मुलाखतीत तिघं बसले होते. ड्रॉइंग वाचायला दिलं, वाचलं. मायक्रोमीटर दिला, माप बरोबर आलं. मग एकानं विचारलं, 'लग्न कधी करणार?' मी म्हटलं, ठरलं नाही. दुसरा म्हणाला, 'मग दोन वर्षांत जाशीलच.' परतीच्या बसमध्ये मी तो मायक्रोमीटरचा आकडाच आठवत होते. बरोबर होता, मग मी कुठे चुकले?

आत्ताच्या कंपनीत हा प्रश्न आलाच नाही. इथे विचारलं, 'मशीनवरचा ऑपरेटर २० वर्षांचा अनुभवी आहे आणि तू त्याचा पीस रिजेक्ट केलास. तो ओरडला तर काय करशील?' मी म्हटलं, त्याच्यासमोर त्याच्याच गेजनं परत मोजीन आणि त्यालाच वाचायला सांगीन. याच उत्तरावर घेतलं असं नंतर साहेबांनी सांगितलं. हा प्रश्न भाच्यालाही येईल बघा, क्वालिटीवाल्याला हटकून विचारतात.

शेवंती | १५ जानेवारी, दुपारी २:५०

अबोली, तू कुठेही चुकली नव्हतीस. मी आमच्या पॅनेलला हा प्रश्न विचारू देत नाही, आणि तरी कुणाच्या तोंडून निघतोच, तेव्हा तिथल्या तिथे थांबवते. तुझं गेजचं उत्तर उद्याच्या ट्रेनिंगमध्ये सांगणार आहे.

स्टुटगार्टकर | १५ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

थोडं अवांतर. मी मूळचा सातारचा, आता जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मशीन बनवणाऱ्या कंपनीत. (२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं याच राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून गावाकडून बरेच फोन येतात.) इथल्या भरतीत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे 'प्रोबेआर्बाइटन'. उमेदवाराला एखादा दिवस कामावरच बोलावतात, बरोबरीच्या लोकांसोबत उभा करतात. संध्याकाळी त्या लोकांना विचारतात, 'याच्यासोबत काम कराल का?' तुमच्या भाच्यासारख्या हातानं बोलणाऱ्या मुलाचं तिथे सोनं होईल.

दुसरी गंमत इथल्या अनुभवपत्राची. नोकरी सोडताना ते मिळणं हा कामगाराचा कायदेशीर हक्क आहे. वाईट उघड लिहायचं नाही, म्हणून सगळं गोडच लिहितात आणि गुण शब्दांत लपवतात. 'आमच्या पूर्ण समाधानाप्रमाणे काम केले' म्हणजे ठीकठाक. 'सदैव, पूर्णातिपूर्ण समाधानाप्रमाणे' म्हणजे अव्वल. माझं पहिलं पत्र वाचून मी पेढे वाटणार होतो, शेजारच्या आजोबांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, 'बाळा, हे मध्यम आहे.'

चहाबाज | १५ जानेवारी, संध्याकाळी ६:४०

आमच्या सासूबाई जावयाला 'तसे बरे आहेत' म्हणतात, ती जर्मनच पद्धत म्हणायची.

तुळसवृंदावन | १७ जानेवारी, रात्री १०:००

शाळा सुटल्यावर काल मी कराडला गेले. काकांनी सांगितल्याप्रमाणे दोन दिवस पोरगं एका लेथवाल्याकडे बसतंय. मी तासभर स्टुलावर बसून बघितलं. त्यानं पिन घेतली, शर्टाच्या टोकानं पुसायला गेला, थांबला, खिशातून स्वच्छ फडकं काढलं. व्हर्नियर मिटवून डोळ्यांसमोर उजेडात धरला. मग माप घेतलं, पिन फिरवली, परत घेतलं. दोन आकड्यांत ०.०४ चा फरक आला. मला वाटलं चुकला. तर लेथवाले हसून म्हणाले, 'मॅडम, पिनच तशी आहे, मीच दिली होती.'

मग मी त्याला म्हटलं, आता हे मला सांग, मी शाळेतली आत्या आहे, मला काही कळत नाही. आणि मंडळी, तो बोलला! वीस मिनिटं, मराठीत, मधे लीस्ट काउंट, टॉलरन्स, बर असे शब्द आपोआप येत होते. एकदाही खाली बघितलं नाही.

आता इंग्रजीचं सांगा. सगळं मराठीत बोललं तर चालेल का?

मायक्रॉन | १७ जानेवारी, रात्री १०:२५

चालेल. शॉपफ्लोअरवर, मशीनपाशी, मराठी किंवा हिंदीच चालते.

शेवंती | १७ जानेवारी, रात्री १०:४०

काका, इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. काम मराठीत चालतं हे खरं, पण इन्स्पेक्शन रिपोर्ट, ग्राहकाची तक्रार, ऑडिट, सगळं कागदावर इंग्रजीत येतं. ते वाचता येत नाही असं दिसलं तर पुढे बढती अडते. मी म्हणेन, ओळख इंग्रजीत चारच साध्या वाक्यांत करू दे, 'माय सेल्फ' काढून 'आय अ‍ॅम' म्हणू दे. मग सरळ विचारायचं, 'सर, कामाबद्दल मराठीत सांगितलं तर चालेल का?' समोरचा मराठी नसेल तर हिंदीत. परवानगी मागून भाषा बदलणारा मुलगा घाबरलेला वाटत नाही. आणि नोकरी लागल्यावर रोज एक रिपोर्ट वाचायची सवय लावू दे.

मायक्रॉन | १७ जानेवारी, रात्री १०:५५

ऑडिटचं विसरलो होतो. माझ्या वेळी माझे रिपोर्ट दुसराच लिहायचा आणि त्याचा मला त्रास झालाय. शेवंती म्हणते तसं करू दे.

रात्रपाळी | १८ जानेवारी, पहाटे ४:१०

शिफ्टवरून लिहितोय. 'तुला काही विचारायचंय का?' असं शेवटी म्हणतात, तेव्हा 'नाही सर' म्हणून उठू नका. मी तसा उठलो होतो आणि जॉइन झाल्यावर कळलं, कंपनीच्या नाही, ठेकेदाराच्या रोलवर (हजेरीपटावर) आहे. भाच्यानं नम्रपणे विचारावं: रोल कुणाचा, ट्रेनिंग किती महिन्यांचं, त्यानंतर काय, बस कुठून सुटते. शिकाऊ उमेदवार म्हणून घेत असतील तर सरकारी पोर्टलवर करार नोंदवणार का तेही.

आणि पगार सांगतील तो हातात येणारा नसतो. बेसिकच्या १२ टक्के पीएफ, २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयचे (कामगार विम्याचे) ०.७५ टक्के, व्यवसाय कर महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००. कँटीन कापतात ते वेगळं. कॉट बेसिसवर राहायचं तर हा हिशोब आधी घरी बसून करा.

भोसरीचा भिडू | १८ जानेवारी, दुपारी १२:००

उद्यासाठी: मार्कशीटच्या मूळ प्रती आणि दोन-दोन झेरॉक्स, आधार, पॅन, फोटो. आणि बूट घाला, सँडल नको. शॉपफ्लोअर दाखवायला नेतात तेव्हा सँडलवाल्याला गेटवरच थांबवतात. मला थांबवलं होतं.

तुळसवृंदावन | १९ जानेवारी, रात्री ९:१५

आलाय परत. सगळं सांगते.

आठला पोचला, चहा झाला (चहाबाज, तुमच्या नावानं). लेखीत ४० प्रश्न होते, पीपीएमचं उदाहरण आलंच, फक्त आकडे वेगळे. ५२ जणांतून १४ जण पुढे घेतले, त्यात हा होता.

प्रॅक्टिकलला व्हर्नियर नव्हताच! हाइट गेज (उंची मोजायचं साधन) होता, ग्रॅनाइटच्या टेबलावर. यानं तो कॉलेजात लांबून बघितलेला, कधी हातात घेतलेला नाही. म्हणाला, 'आत्या, क्षणभर कानशिलं गरम झाली.' मग त्यानं सांगितलं, 'सर, हे मी वापरलेलं नाही. वाचन व्हर्नियरसारखंच दिसतंय, प्रयत्न करू का?' त्यांनी कर म्हटलं. टेबल पुसलं, गेजचा पाया पुसला, टोक टेबलाला टेकवून शून्य बघितलं. माप घेतलं ते ०.०६ नं चुकलं. साहेबांनी त्याच्या हातात हात धरून दाखवलं की टोक जोरात दाबायचं नाही, अलगद टेकवायचं. दुसऱ्यांदा बरोबर आलं.

मुलाखतीत गॅप विचारली, त्यानं सांगितली. म्हशी दोन विकल्यात हे खरंच आहे, तेही सांगितलं. मग पंपांवर विषय गेला आणि तिथेच पंधरा मिनिटं गेली. एक साहेब स्वतः बागायतदार निघाले. त्यांनी विचारलं, 'रिले बायपास करायला शेतकरी सांगतो तेव्हा तू काय करतोस?' हा म्हणाला, 'आधी करून द्यायचो, आता देत नाही. दोन गिऱ्हाइकं गेली.' हे मला माहीतच नव्हतं.

रोलचंही विचारलं. एक वर्ष ट्रेनी, मग परीक्षा घेऊन कंपनीच्या रोलवर घेतात, सगळ्यांना नाही. आठ दिवसांत कळवतो म्हणाले. सहा जागा आहेत.

तुम्ही सगळ्यांनी ओळख ना पाळख असताना एवढं लिहिलंत. दादाला आज सगळा धागा वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, फक्त म्हणाला, 'त्या भोसरीच्या साहेबांना गूळ पाठवता येईल का?'

मायक्रॉन | १९ जानेवारी, रात्री ९:४०

गूळ नको, पोरानं फोन करावा. दोन गिऱ्हाइकं घालवली हे मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. आणि हाइट गेजचं मी सांगायला हवं होतं, राहून गेलं. लेथवाल्यांकडे नसेल, पण कराडला ज्या टूलरूममध्ये सरफेस टेबल आहे तिथे असेल. आठ दिवस नुसतं वाट बघत बसू नकोस म्हणावं, जाऊन हात बसव.

अबोली२२ | १९ जानेवारी, रात्री ९:५५

काका, हाइट गेजवर स्क्राइबर (टेकवायचं टोक) बदलला की शून्य परत का बघायचं, ते इथेच लिहाल का? माझ्या हाताखाली दोन नवीन पोरी आल्यात, त्यांना धागा दाखवणार आहे.

मायक्रॉन | १९ जानेवारी, रात्री १०:०५

लिहितो. सकाळी.